वार्तापट, मुंबईतील आरंभीचे

प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगाचे, कथानकाचा आधार न घेता केलेले चलच्चित्रण म्हणजे वार्तापट. भारतीय चित्रपटाचा इतिहास सामान्यतः धुंडिराज गोविंद फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) या कथापटापासून सांगितला जातो. परंतु मुंबई बेटावरील जीवनाचे चित्रण त्यापूर्वी सु. चौदा वर्षे सुरू झालेले होते. या चित्रणापैकी जवळजवळ काहीच आज पाहावयास मिळत नाही.

ल्यूम्येअर बंधूंचा प्रतिनिधी मार्यूस सेस्तिए हा ऑस्ट्रेलियाला जात असता मुंबईत उतरला व ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलमध्ये त्याने सहा लघुपट दाखविले. प्रवेशमूल्य एक रुपया होते. प्रत्येक लघुपट जेमतेम एक मिनिटाचा होता. आगगाडीचे आगमन, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार यांबरोबरच समुद्रस्नानाचे एक दृश्य त्यांत होते. चहूबाजूंनी सागराने वेढलेल्या शहरातील रहिवाशांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावरील लाटा पाहण्यासाठी रुपया मोजला, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. आकर्षण लाटांचे नव्हते, हलणाऱ्या चित्राचे होते. पुढे हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात होऊ लागले.

या खेळांनी प्रभावित झालेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा (१८६८–१९५८) हे व्यवसायाने छायाचित्रकार असलेले गृहस्थ होते. त्यांनी इंग्लंडमधील रायली ब्रदर्स या पेढीचा २१ गिनी किमतीचा कॅमेरा मागविला. १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा व कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती योजून त्यांनी तिचे चित्रण केले. फिल्म धुण्याची सोय येथे नसल्याने ती लंडनला धाडावी लागली. माकडांचा खेळ हा त्यांचा दुसरा विषय. परदेशी छायाचित्रकारांनी भारतात याआधीही चित्रण केलेले होते आणि कलकत्त्यात हीरालाल सेन यांचे कार्य याच सुमारास चालू होते. त्यामुळे प्रथमत्वाचा वाद फारसा फलदायी नाही. कुस्तीचा प्रसंग मुद्दाम घडवून आणलेला असल्याने त्यास काटेकोर अर्थाने वार्तापटही म्हणता येत नाही.

खऱ्या अर्थाने वार्तापट म्हणावा असा प्रयत्न १९०१ चा होय. केंब्रिज येथे १८९९ मध्ये सीनिअर रँग्लर हा मान मिळविणारे पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रण भाटवडेकरांनी केले. ब्रिटिश कॅमेऱ्यांपुढे तोवर राजेरजवाडे, दरबार व लष्करी संचलने येत. येथे मात्र रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी गावचा एक बुद्धिमान तरुण वार्तेचा विषय झाला. विषयाची ही निवड त्या काळच्या सुशिक्षित मराठी समाजाच्या आकांक्षा जितक्या स्पष्ट दाखविते, तितक्या एखादा अग्रलेखही क्वचितच दाखवील. १९०३ च्या दिल्ली दरबाराचे चित्रणही भाटवडेकरांनी केले. पुढे त्यांनी कॅमेरा विकला व ते गेइटी नाट्यगृहाच्या व्यवस्थापनाकडे वळले. १९२० मध्ये लोकमान्य टिळकांच्या अंत्ययात्रेचे चित्रण झाले, तेव्हा वार्तापट ही परिचित बाब झालेली होती.

हा ठेवा नष्ट होण्याचे मुख्य कारण रासायनिक आहे. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ ज्वलनास लागणारा ऑक्सिजन स्वतःच पुरवितो. त्यामुळे एकदा पेटलेले रीळ पाण्याखालीही जळत राहते. न पेटले तरी उष्ण व दमट हवेत ते हळूहळू विघटित होऊन चिकट व अखेर भुकटीसारखे होते. समुद्रकाठच्या मुंबईची हवा त्यास विशेष प्रतिकूल. शिवाय खेळ संपल्यावर रिळांना मोल उरत नसे. त्यांतील चांदी काढून घेण्यासाठीही ती विकली जात. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुणे येथे १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर फार उशीर झालेला होता. संग्रहात आलेली रिळेही सर्वस्वी सुरक्षित राहिली नाहीत. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा भस्मसात झाला.

तुलनेसाठी ब्रिटिश वार्तापटांचे उदाहरण घेता येईल. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने पाणबुड्यांच्या शोधार्थ एअरशिप वापरल्या. पुढे साम्राज्याच्या दळणवळणासाठी बांधलेली आर-१०१ ही प्रचंड एअरशिप त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीकडे निघाली असता ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये बोव्हेनजीक कोसळली व ५४ पैकी ४८ जण मृत्युमुखी पडले. तिची व तिच्या सांगाड्याची दृश्ये आजही उपलब्ध आहेत, कारण वार्तापट कंपन्यांनी आपली रिळे क्रमवार जपून ठेवली व ती पुनःपुन्हा विकली. मुंबईच्या बंदरावर परांजप्यांच्या स्वागतास जमलेल्यांचे चेहरे मात्र कोणाही संग्राहकाच्या हाती लागलेले नाहीत.