कण्हेर, काळीज आणि मात्रा

पेडणे-डिचोलीकडील जुन्या घरांच्या अंगणात तुळशीवृंदावनापासून चार पावलांवर कण्हेर बहुधा असतेच. तांबडी-पांढरी फुले देवपूजेत येतात, पिवळी शंकराच्या पिंडीवर वाहिली जातात. पिवळ्या कण्हेरीला आपण बिट्टी म्हणतो. तिच्या बियांनी मुले खेळू लागली की घरातील वडीलधाऱ्या बायका ओरडून त्या टाकायला लावीत आणि हात धुवायला धाडीत. देवाला चालणारे फूल माणसाला का चालत नाही, हा प्रश्न बालपणी आम्हालाही पडला होता. त्याचे उत्तर मिळायला वैद्यकाला बराच काळ लागला.

आपल्या पूर्वजांना या झाडाचा स्वभाव ठाऊक नव्हता असे नाही. संस्कृतात कण्हेरीला करवीर म्हणतात, तसेच अश्वमारक, म्हणजे घोडा मारणारे, असेही म्हणतात. सुश्रुतसंहितेने तिची गणना मूळविषांत केली, तर चरकाने कुष्ठघ्न द्रव्यांत. रसशास्त्राच्या ग्रंथांत ती उपविष ठरली आणि दुधात शिजवून शुद्ध केल्याखेरीज वापरू नये असा दंडक पडला. तेलात सिद्ध करून त्वचारोगावर बाहेरून लावणे हा तिचा रूढ उपयोग होय. पुढे कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ सिद्ध केला. त्याच्या नवव्या खंडात तांबड्या व पांढऱ्या कण्हेरीची चित्रे आहेत. या ग्रंथाला साहाय्य करणारे रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट हे वैद्य मुळात गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या समाजातले. त्यांचे १६७५ सालचे देवनागरी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे.

आता तीन सनावळ्या शेजारी शेजारी ठेवून पाहू. १७८१ साली डिचोली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि १७८८ साली सावंतवाडकरांचे पेडणे नव्या काबिजादींत सामील झाले. या दोहोंच्या दरम्यान, १७८५ साली, इंग्लंडात विल्यम विदरिंग या डॉक्टराने एक ग्रंथ प्रसिद्ध केला. श्रॉपशर परगण्यातील एका वृद्ध स्त्रीचा जलोदरावरील काढा त्याच्यापुढे आला होता. त्यात वीसएक वनस्पती होत्या. त्यांतील गुणकारी वनस्पती डिजिटॅलिस हीच असावी, हे त्याने ताडले. ही वनस्पती पोर्तुगालच्या डोंगरउतारांवरही आपोआप उगवते. म्हणजे आपल्या राज्यकर्त्यांच्या मायदेशीही ती होतीच.

विदरिंगचे मोठेपण वनस्पती ओळखण्यात जेवढे आहे, त्याहून अधिक नोंदी ठेवण्यात आहे. दीडशेहून अधिक रुग्णांचा वृत्तांत त्याने दिला आणि त्यात बरे झालेल्यांबरोबर न झालेलेही नमूद केले. मात्रा अधिक झाली की मळमळ होते, वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसू लागतात, नाडी फार मंदावते, हे त्याने लिहून ठेवले. अशी लक्षणे दिसताच औषध थांबवावे, असेही त्याने बजावले. आपल्या वैद्यांचे ज्ञान कमी नव्हते. पण कोणत्या रोग्याला किती दिले आणि पुढे काय झाले, याचे असे टिपण घराण्याबाहेर क्वचितच आले. आमच्या मते भेद येथेच पडला.

कण्हेर आणि बिट्टी एकाच कुळातील, डिजिटॅलिसचे कुळ वेगळे, पण तिन्हींतील विषद्रव्ये एकाच वर्गातील आहेत. त्यांना ग्लायकोसाइड म्हणतात. हृदयाच्या प्रत्येक स्नायुपेशीच्या आवरणात एक पंप असतो. तो सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कू याने १९५७ साली या पंपामागील विकर दाखवून दिले व त्यासाठी १९९७ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ग्लायकोसाइडे हा पंप अडवतात. मग पेशीत सोडियम साचते, त्यामुळे कॅल्शियम बाहेर पडण्याची वाट मंदावते, आणि पेशीत साठलेले हे कॅल्शियम स्नायूचे आकुंचन अधिक जोमदार करते. थकलेले हृदय रक्त नेटाने ढकलू लागते; मूत्रपिंडांना पुरेसे रक्त मिळाले की अंगावरची सूज उतरते. विदरिंगच्या रोग्यांचे पाणी उतरले ते असे.

दुसरा परिणाम हृदयातील विजेवर होतो. वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत जाणारा विद्युत्संदेश वाटेतील एका गाठीपाशी रेंगाळतो. वरचे कप्पे नुसते थरथरत असले, तरी खालच्यांचा ठेका त्यामुळे आवरता येतो. परंतु मात्रा थोडी वाढली की हाच आवर अडसर होतो. संदेश मध्येच तुटतो, आणि कॅल्शियमने तुडुंब भरलेल्या पेशी भलत्याच वेळी आपण होऊन ठोका देऊ लागतात. तारणारी आणि मारणारी क्रिया एकच. अंतर केवळ मात्रेचे.

हे अंतर किती थोडे, याचा अनुभव आमच्या घरी आला. वडिलांना उतारवयात डिगॉक्सिनची पाव मिलिग्रॅमची गोळी चालू होती. सकाळी आई देई. ते न कळून दुपारी आम्हीही देत होतो. आठवड्याभरात त्यांची अन्नावरची वासना उडाली आणि भिंत पिवळसर दिसते, असे ते म्हणू लागले. डॉक्टरांनी नाडी धरताच गोळी बंद केली आणि रक्तातील पोटॅशियम तपासायला लावले. लघवी वाढवणाऱ्या गोळीने ते घटलेले होते, आणि पोटॅशियम घटले की या औषधाचे विष अधिक चढते. वडील वाचले. त्यानंतर गोळ्यांची वही घरात आली.

बिट्टीतील पेरुव्होसाइड या द्रव्याचा हृदयविकारातील उपयोग दिल्लीच्या भाटिया, मनचंदा आणि रॉय या डॉक्टरांनी अभ्यासून १९७० साली प्रसिद्ध केला. म्हणजे अंगणातल्या झाडालाही अखेर मोजमाप लाभले. मात्र ते प्रयोगशाळेत शुद्ध केलेल्या द्रव्याचे, झाडावरच्या बीचे नव्हे. डिगॉक्सिनबाबत ६,८०० रुग्णांची मोठी चाचणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. या औषधाने इस्पितळाच्या खेपा कमी होतात, पण एकंदर मृत्यू घटत नाहीत, असे तीत दिसले.

सरकारी नोकरीत असताना एका कचेरीच्या कुंपणाला बिट्टी लावण्याच्या प्रस्तावावर आम्हीच सही केली होती. गुरे तोंड लावणार नाहीत, हा त्यामागील हिशेब. गुरे तोंड का लावत नाहीत, हे तेव्हा मनात आले नाही. झाड तोडा असे आम्ही म्हणणार नाही. पिंडीवर फूल वाहण्यास हरकत कोणती? पण बी वा मूळ घरगुती औषध म्हणून कोणी सांगू लागल्यास ऐकू नये, मुलांना हात धुवायला लावावे, चुकून पोटात गेल्यास तडक इस्पितळ गाठावे. आणि ज्येष्ठांची गोळी कोणी, केव्हा दिली, ते वहीत लिहावे. विदरिंगने १७८५ साली केले तेही याहून फार निराळे नव्हते.