खळे : शेतातले आणि आकाशातले

चंद्राभोवती कधी कधी फिकट प्रकाशाचे कडे दिसते. मराठीत त्याला ‘खळे’ म्हणतात. धान्याची मळणी होते ती शेतातली गोल जागा, तेही खळेच. मधोमध रोवलेला तिवडा आणि त्याभोवती फिरणारी बैलांची पात रोज पाहणाऱ्याला आकाशातल्या कड्यासाठी वेगळा शब्द शोधावा लागला नसेल.

पंडितांनी मात्र वेगळा शब्द योजला. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त या कड्याच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहे; तेथील शब्द ‘परिवेष’, म्हणजे वेढा. मळणीच्या जागेचा ‘खल’ हा शब्द ऋग्वेदाइतका जुना, पण वराहमिहिराने कड्याचे नाव त्यावरून घेतले नाही.

आता ग्रीक भाषा पाहा. इ.स.पूर्व चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटल याच कड्याला ‘हालोस’ म्हणतो आणि ‘हालोस’चा मूळ अर्थही मळणीचे खळे! इंग्रजी ‘हेलो’ त्याचाच वंशज. इथे उसनवारी शोधण्याची गरज मला वाटत नाही. बैल दोन्हीकडे गोलच फिरत होते.

कनिष्काच्या नाण्यावर बुद्धाच्या मस्तकामागे दिसते ते प्रभामंडळ. कलेतिहासात त्याचीच चर्चा अधिक. त्या चर्चेत खळ्याला क्वचितच जागा मिळते, हे मला खटकते. मळणीयंत्रांमुळे शेतातले खळेही आता दुर्मीळ झाले आहे.

आकाशातले मोजता येते. हात पूर्ण लांब करून पंजा ताणा, अंगठा चंद्रावर ठेवा. करंगळी साधारण कड्यावर येते. उंच ढगांतील षट्कोनी हिमकणांतून प्रकाश वळतो, म्हणून ही त्रिज्या सुमारे २२ अंश भरते.