छाती कशाने भरते? सँडोचे डंबेल, तालमीतला जोर आणि भरतीची फीत

१.
सोलापूर जिल्ह्यात पहाटे कोणत्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर उभे राहा. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले धावताना दिसतील. कुर्डुवाडीही त्याला अपवाद नाही. धावणे संपले की एक वाद ठरलेला असतो : छाती कशाने भरते? बेंच प्रेसने, डंबेलच्या पुलओव्हरने, की आजोबांच्या काळच्या जोरांनी? हा वाद सव्वाशे वर्षांचा आहे आणि त्याचे एक प्रमुख पात्र आपल्याच महाराष्ट्रातले आहे. आजचा थ्रेड त्यावर.

२.
सुरुवात १८९७ पासून करू. कुर्डुवाडी स्थानकाला तेव्हा ‘बार्शी रोड’ म्हणत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची बार्शी लाइट रेल्वे त्याच वर्षी येथून बार्शीकडे धावू लागली. आणि त्याच वर्षी औंध संस्थानातील एका तरुणाने, भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी, युजेन सँडोची पुस्तके आणि व्यायामाची साधने विकत घेतली. विलायतेहून तंत्र येत होते. कुठे रुळांवरून, कुठे डंबेलच्या रूपाने.

३.
सँडो कोण? १८६७ मध्ये प्रशियात जन्मलेला हा मल्ल रंगमंचावर प्रचंड वजने उचली. परंतु लोक पाहायला येत ते मुख्यतः त्याचे शरीर. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल होते. पुढे जगाच्या दौऱ्यात सँडो भारतातही येऊन गेला.

४.
येथे एक विसंगती लक्षात घ्यावी. सँडो स्वतः अवजड वजनांवर घडलेला होता. पण सर्वसामान्यांना त्याने शिकवली ती हलकी डंबेल्स, स्प्रिंगचे डंबेल आणि रबरी दोऱ्यांची साधने. मन स्नायूवर एकाग्र करून हालचाल करा, हा त्याचा मंत्र. नवशिक्याला याचा लाभ होतोच, कारण ज्याने कधीच व्यायाम केलेला नाही त्याचे शरीर थोड्या श्रमालाही प्रतिसाद देते. मात्र वजन वाढतच गेले नाही, तर ही वाढ लवकर थांबते.

५.
सँडोच्या पद्धतीत आजचा बेंच प्रेस नव्हता. बाकच नव्हते, तर बेंच प्रेस कुठून असणार? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज हॅकनश्मिट या मल्लाने जमिनीवर पाठ टेकून ३६१ पौंड, म्हणजे सुमारे १६४ किलो वजन छातीवरून वर ढकलले होते. बाकावरचा प्रकार रूढ झाला तो विसाव्या शतकाच्या मध्याकडे येताना. आज ‘छातीचा राजा’ म्हणून मिरवणारा व्यायाम वयाने तसा तरुणच आहे.

६.
मग त्या काळी ‘छाती वाढली’ हे ठरवत कशावरून? फितीवरून. श्वास सोडून एक माप, श्वास भरून दुसरे. सैन्यभरतीपासून व्यायामाच्या जाहिरातींपर्यंत हेच चाले. येथेच घोटाळा झाला. फीत छातीचा स्नायू मोजत नाही. बरगड्यांचा पिंजरा, पाठीचे रुंद स्नायू, चरबी आणि श्वास, या सगळ्यांची बेरीज ती सांगते.

७.
या घोटाळ्यातून पुलओव्हरची दंतकथा जन्मली. उताणे पडून, सरळ हातांनी वजन डोक्यामागून छातीवर आणण्याचा हा व्यायाम. अमेरिकेत १९३०च्या दशकात जोसेफ कर्टिस हाइजसारख्या वजनवीरांनी सल्ला दिला की, बैठका काढून दम लागल्यावर खोल श्वास घेत हलके पुलओव्हर करा, म्हणजे बरगड्यांचा पिंजराच रुंदावेल. प्रौढाचा हाडांचा सांगाडा असा ताणून मोठा होतो, याला भक्कम आधार मिळालेला नाही. मात्र २०११ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी स्नायूंतील विद्युतक्रिया मोजली, तेव्हा या व्यायामात पाठीपेक्षा छातीचा स्नायू अधिक काम करताना आढळला. थोडक्यात, व्यायाम उपयोगी, कारण चुकीचे.

८.
आता आपल्या तालमीकडे वळू. लाल मातीचा हौदा, कोपऱ्यात मारुती, भिंतीला टेकवलेले मुद्गल आणि करेल. तेथील पाया म्हणजे जोर आणि बैठका. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ पासून ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड संपादित करून ही देशी विद्या मराठीत ग्रंथबद्ध केली. एवढ्या विस्ताराचा व्यायामाचा कोश मराठीत झाला, याचा अभिमान बाळगावा असेच ते काम आहे.

९.
जोरात नेमके काय घडते? कंबर उंच, हात जमिनीवर. छाती दोन्ही हातांमधून जमिनीलगत खाली येते, पुढे सरकते आणि कमानीने वर उठते. खाली येताना शरीराचा भार सावरणारे आणि वर उठताना तो ढकलणारे मुख्य स्नायू तीन : छातीचा मोठा स्नायू, खांद्याचा पुढचा भाग आणि दंडाचा मागचा भाग. बेंच प्रेसमध्येही हेच तिघे राबतात. साध्या पुशअपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे ६४ टक्के भार येतो, असे मोजमाप आहे. म्हणजे ७० किलोच्या तरुणाच्या हातांवर जवळपास ४५ किलो. जोरात हा भार कमानीबरोबर कमीजास्त होतो, एवढाच फरक.

१०.
जोराची मर्यादा उघड आहे : लोखंडी बारला तबकड्या वाढवता येतात, स्वतःचे वजन वाढवता येत नाही. म्हणून तालमीत आकडा वाढवत. पण शंभर जोर सहज निघू लागले की ते मुख्यतः दमसास वाढवतात, आकार कमी. वस्तादांना हे अनुभवाने ठाऊक होते. गळ्यात दगडी कडे अडकवणे किंवा पाठीवर जोडीदाराचा भार घेणे या युक्त्या त्यातूनच आल्या.

११.
मग जोर की बेंच प्रेस? २०१७ मध्ये जपानमधील संशोधकांनी तरुणांचे दोन गट केले. एका गटाने एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ४० टक्के भाराने बेंच प्रेस केला, दुसऱ्याने तेवढाच भार येईल असे पुशअप काढले. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांत छातीच्या स्नायूची जाडी सारखीच वाढली. भार सारखा असेल, तर तो लोखंडाचा की स्वतःच्या देहाचा, हे स्नायूला कळत नाही.

१२.
आता पुन्हा औंधला. भवानरावांनी सँडोची पद्धत सुमारे दहा वर्षे नेमाने केली. १९०८ मध्ये मिरजेच्या राजेसाहेबांच्या सल्ल्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. १९०९ मध्ये ते गादीवर आले आणि संस्थानच्या शाळांत नमस्कार सुरू झाले. १९३८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. ज्या शहरातून सँडोची कीर्ती पसरली, तेथेच औंधचे उत्तर पोहोचले.

१३.
पण हे ‘उत्तर’ कोणत्या प्रश्नाचे, हे पाहिले पाहिजे. एका नमस्कारात छाती जमिनीकडे नेऊन वर उठण्याची क्रिया एकदाच येते. बाकी पाठ, कंबर, पाय आणि श्वास यांची हालचाल. केवळ छातीचा स्नायू फुगवायचा असेल, तर नमस्कार हा लांबचा रस्ता आहे. भवानरावांचे ध्येय सर्वांगाचे आरोग्य होते, तेही साधनांवाचून, राजाला आणि शेतकऱ्याच्या मुलाला सारखेच परवडेल असे. नमस्काराने सँडोला हरवले असे म्हणणे चूक. दोघे वेगवेगळ्या शर्यतीत धावत होते.

१४.
आणि आता भरतीची फीत. महाराष्ट्र पोलीस शिपाई पदासाठी पुरुष उमेदवारांची छाती न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर आणि फुगवून किमान ५ सेंटिमीटर अधिक लागते. पहिल्या आकड्यासाठी स्नायू हवा : जोर किंवा बेंच प्रेस, आणि तितकाच पाठीचा व्यायाम, कारण फीत पाठीवरूनही फिरते. पुलअप किंवा मल्लखांब येथे उपयोगी पडतो. दुसऱ्या आकड्याचे काम वेगळे : श्वसनाचे स्नायू, बरगड्यांची लवचीकता आणि पूर्ण श्वास भरण्याचा सराव. केवळ बेंच प्रेसवर महिने घालवणारा मुलगा याच ५ सेंटिमीटरवर अडखळू शकतो.

१५.
म्हणून पहाटेच्या वादाला उत्तर एवढेच : जोराने छाती भरते, भार वाढवत नेला तर. बेंच प्रेसनेही भरते आणि तेथे भार वाढवणे सोपे. पुलओव्हर जोडीला ठीक. बरगड्या रुंदावतील या आशेने नव्हे. ज्याच्या गावात जिम नाही, त्याने न्यूनगंड बाळगू नये. पाठीवर पुस्तकांनी भरलेले दप्तर घ्यावे आणि जोर काढावेत. तालमीतल्या दगडी कड्याचा तोच वंशज आहे.