हिंगोलीच्या पेठेतील परमुलखी दुकाने



कॅनडाच्या विस्तीर्ण माळरानांवर इंग्लंडहून जाऊन वसलेल्या दुकानदारांच्या घराण्यांचा इतिहास बहुधा रेल्वेच्या रुळांपासून सुरू होतो. १८८५ साली तेथील पॅसिफिक रेल्वेचा मार्ग पुरा झाला. मग स्टेशनाशेजारी पीठ, खिळे व कापड एकाच छपराखाली विकणारे दुकान निघाले, आणि त्याच्या आश्रयाने गाव वाढले. आमच्या हिंगोलीत हा क्रम उलटा आहे. येथे आधी छावणी आली, मग दुकान, आणि रेल्वे सर्वांच्या मागून.

निजामाच्या पैशावर व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत चालणारी जी फौज १८५३ च्या तहानंतर हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली गेली, तिचे हिंगोली हे एक ठाणे. घोड्यांना हरभरा हवा, शिपायांना पीठ, तेल, कापड हवे, आणि दरमहा रोख पगार वाटला जाई. ज्या मुलखात कुणब्याला रोकड वर्षातून एकदा, सुगीलाच दिसे, तेथे हे मोठेच आकर्षण होते. गुळाला मुंगळे लागायचेच, असे म्हणून हा विषय निकालात काढणारे पुष्कळ भेटतात. पण मारवाड-शेखावाटीच्या वाळूतून शेकडो मैल येणाऱ्या मुंगळ्याला नुसता गुळाचा वास पुरत नाही. घरचा दुष्काळही मागून लोटत असावा लागतो.

प्रवास प्रथम उंटाचा, बैलगाडीचा आणि पायांचा. १८६७ साली भुसावळ-नागपूर फाटा पुरा झाला, तेव्हा अकोल्यापर्यंत आगगाडीने येण्याची सोय झाली. १८८१ मध्ये अजमेर ते खांडवा रूळ जोडले गेले, आणि मारवाडचा मुलूख वऱ्हाडला जवळ आला. अकोल्याहून वाशीममार्गे हिंगोलीपर्यंत मात्र बैलगाडीच राहिली. पूर्णेहून हिंगोलीपर्यंत रेल्वे आली ती १९१२ साली, आणि त्यापूर्वी नऊ वर्षे, १९०३ मध्ये, कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन होऊन छावणीचा जमाना संपला होता.

छावणी उठली, तरी पेठ उठली नाही. का उठली नाही, हे कळण्यासाठी या घराण्यांची रीत पाहिली पाहिजे. मूळ पुरुष बहुधा एकटा येई. आपल्याच गावच्या कोणाच्या पेढीवर गुमास्ता म्हणून राही, बाशात म्हणजे सामाईक भोजनगृहात जेवी, आणि काही वर्षांनी मालकाच्याच भागीत दुकान मांडी. त्याच्या बोलीत घर म्हणजे ‘देस’ आणि ही परकी पेठ म्हणजे ‘दिसावर’. लग्नाला तो देसी जाई. पत्नी मागेच राही. ती जेव्हा दिसावरात येऊन चूल मांडी, तेव्हाच खरे स्थलांतर पुरे होई. ज्यांची मुले येथे मराठी बोलत वाढली होती, त्यांनी पलटणीमागे गाडी जुंपली नाही. गिऱ्हाईक तेवढे बदलले: शिपायाच्या जागी कापूस पिकविणारा कुणबी आला.

या घराण्यांची वंशावळ भाटांच्या व हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांत मिळते. पण ती नुसती नावांची माळ. तीत पुरुषच फार. माझ्या मते खरा कुलवृत्तांत लाल कापडाच्या बांधणीतील रोजमेळात व खातेवहीत आहे. विधवा सुनेची अनामत, मुलीच्या लग्नाचा खर्च, तीर्थयात्रेची उचल, सारे जमा-नावेच्या ओळींत उतरते. वहीचे वर्ष विक्रम संवताचे, कचेरीचे फसली, गिऱ्हाइकाचे शालिवाहन शकाचे. नाणीही दोन: निजामी हाली आणि इंग्रजी कलदार. शंभर कलदारांना हाली रुपये सुमारे एकशेसोळा, दहा आणे, आठ पै पडत. सरहद्दीपलीकडे वाशीमला कलदार, अलीकडे हाली. हा हिशोब दुकानदाराच्या पोराला पाढ्यांबरोबर शिकावा लागे.

लिपी मुडिया, कानामात्रा न देता भरभर ओढलेली. ‘काका अजमेर गये’ असे लिहिलेले पत्र घरी ‘काका आज मर गये’ असे वाचले गेले आणि रडारड झाली, ही गोष्ट त्या समाजातच हसून सांगतात.

याच पानांवर दुसऱ्या एका घराण्याचाही इतिहास आहे, हे मात्र हसून सांगितले जात नाही. कर्ज काढणाऱ्या कुणब्याने स्वतः काही लिहून ठेवले नाही. बैल कधी घेतला, बियाणे कधी उसने आणले, शेत कोणत्या साली गहाण पडले, हे त्याच्या नातवाला कळायचे तर सावकाराच्याच वहीतून. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. तो राग अकारण नव्हता. परंतु त्या होळीत ऋणकोच्या घरचीही एकुलती लेखी आठवण जळाली.

१९४७-४८ च्या रझाकारी धामधुमीत सरहद्दीवरच्या अनेक कुटुंबांनी वऱ्हाडचा आसरा घेतला. पुढे हाली नाणे गेले, फसली वर्ष गेले. १९९९ मध्ये हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. वह्या माळ्यावर पडल्या आणि एकेक करून रद्दीवाल्याकडे जात आहेत. मोडी वाचणारे शोधले तर अजून भेटतात. मुडिया वाचणारा त्या घराण्यांतही आता एखादा वृद्धच उरलेला असतो. वही घेऊन त्याच्याजवळ बसावे, आणि त्याने वाचलेली प्रत्येक ओळ तारखेसह बाळबोधीत उतरून घ्यावी. आधी दुकानदाराची नव्हे, कुणब्याच्या खात्याची.