पुण्याचा हिशेब आणि कृपा : पंडिता रमाबाईंची दोन वळणं

आज आपण ख्रिस्ती शिकवणुकीतले तीन शब्द समजून घेणार आहोत : कृपा, विश्वास आणि पुनरुत्थान. हे शब्द नुसत्या व्याख्येतून नीट कळत नाहीत. म्हणून ते आपण एका व्यक्तीच्या आयुष्यात पाहू. ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंनी धर्म का बदलला, हा प्रश्न आपल्याकडे गेली सव्वाशेहून अधिक वर्षं विचारला जातो. उत्तर देताना सगळे १८८३ सालाकडे बोट दाखवतात. त्या वर्षी २९ सप्टेंबरला इंग्लंडमधल्या वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण रमाबाई स्वतः आपल्या साक्षीत वेगळं सांगतात. त्या म्हणतात की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ते कळायला आणखी आठ वर्षं जावी लागली. म्हणजे वळणं दोन आहेत, आणि त्या दोहोंमधलं अंतर म्हणजेच ‘कृपा’ या शब्दाचा अर्थ.

दुष्काळातला हिशेब

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान आणि विष्णुभक्त. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला होता. पुढं हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचंच. देवळाच्या आवारात पुराण वाचायचं, जे पदरात पडेल त्यावर राहायचं आणि त्यातूनही दानधर्म करायचा. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा या माणसांनी व्रतं केली, उपास केले, होतं नव्हतं ते देवाब्राह्मणांना दिलं. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली आणि मग थोरली बहीण. उरलेली दोन भावंडं पायी चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली.

कलकत्त्यानं या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. तिथंच स्त्रियांना धर्म सांगण्यासाठी म्हणून त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचायला घेतले. त्या लिहितात की ग्रंथांमध्ये एरवी मतभेद पुष्कळ, पण एका गोष्टीवर एकमत : स्त्री जात्याच वाईट, आणि पुरुषासारखा मोक्ष तिला नाही.

आता इथं कोणी म्हणेल की आपल्याकडे मुक्ताबाई आहेत, जनाबाई आहेत. देवाच्या कृपेचं बोलणं तर वारकऱ्यांच्या घरोघरी आहे. हे खरंच आहे. पण रमाबाई वारकऱ्यांच्या घरात वाढल्या नव्हत्या. त्यांच्या वाट्याला आलेला धर्म नियमांचा आणि पुण्यसंचयाचा होता. आईवडिलांनी त्या हिशेबात काही कमी ठेवलं नव्हतं, तरीही ती अन्नावाचून गेली. हा प्रश्न त्यांनी बरोबर वागवला.

पहिलं वळण : बुद्धीचं

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केलं. १८८२ मध्ये पती पटकीनं गेले. पदरात लहानगी मनोरमा. पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये शिक्षणासाठी इंग्लंड गाठलं.

लंडनजवळ फुलहॅम इथं तिथल्या धर्मभगिनींचं एक काम त्यांनी पाहिलं. समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांची त्या भगिनी मायेनं सेवा करत होत्या. रमाबाईंनी कारण विचारलं, तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात ती आहे : परजातीची, पाच नवरे झालेली बाई, आणि येशू विहिरीवर तिच्याकडे पाणी मागतो. याच सुमारास मूळचे काशीचे पंडित नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लिखाणानं त्यांच्या बुद्धीचं समाधान केलं, आणि त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण त्या मुकाट्यानं ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममातेशी त्यांचा पत्रातून कडाक्याचा वाद झाला. त्रैक्याच्या सिद्धांतावर झाला, चर्चच्या अधिकारावर झाला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, संस्कृत का नकोत, इथपर्यंत तो गेला. भटभिक्षुकांचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलं आहे, आता दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं.

दुसरं वळण : कृपेचं

पुढं अमेरिका झाली, आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, ते पुढच्याच वर्षी पुण्याला आलं. या काळात त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचं आत्मवृत्त आलं. हा माणूस कित्येक वर्षं धर्मोपदेशक होता, आणि १८५१ मध्ये व्यासपीठावर स्वतःच प्रवचन देत असताना त्याचा पालट झाला. धर्माचं काम करणाऱ्यालाही देव भेटलेला नसू शकतो, हे रमाबाईंना आपल्यालाच लागू पडतंय असं वाटलं.

त्यांना काय उमगलं? आपण धर्म बदलला, पण हिशेबाची वही तीच ठेवली. आधी व्रतं, आता बाप्तिस्मा आणि उपासना. पौलाची शिकवण याच्या नेमकी उलट आहे. इफिसकरांच्या पत्रात तो म्हणतो की माणूस पापात मेलेलाच होता. मेलेला माणूस पुण्य कमवू शकत नाही, त्याला कोणीतरी उठवावं लागतं. हे उठवणं म्हणजे कृपा. ती कमवायची नसते, घ्यायची असते. आणि ते घेणं म्हणजे विश्वास. इथं विश्वास म्हणजे नुसतं एखादं मत पटणं नव्हे, तर आपला सगळा भार दुसऱ्यावर टाकणं.

सदन आणि संशय

मात्र याचा बाहेर परिणाम काय झाला, तेही बघा. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळायचं आश्वासन होतं. रमाबाई प्रार्थना करताना खोलीचं दार उघडं ठेवत आणि मुली आपणहून येऊन बसत. ‘केसरी’नं झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर अशा हितचिंतकांनीही सल्लागार मंडळ सोडलं, आणि अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. टीकाकारांचा मुद्दा पोकळ नव्हता : आश्रयाला आलेल्या, परस्वाधीन मुलीच्या मनावर आश्रय देणाऱ्याच्या धर्माचा दाब पडतोच. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कोणाला बोलावत नाही, पण माझा देव लपवणारही नाही. हा पेच आजही सुटलेला नाही.

केडगाव

१८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळातून वाचलेल्या रमाबाई तिथं गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथं शेती, विणकाम, छापखाना सुरू झाला. आणि ज्यांना कुठंच थारा नव्हता अशा स्त्रियांसाठी एक वेगळं घर झालं. त्याचं नाव कृपा सदन. फुलहॅममध्ये जे पाहिलं होतं, ते मराठी मुलखात उभं राहिलं.

पुनरुत्थानाचा अर्थही इथं उलगडतो. ख्रिस्ती आशा ही आत्म्यानं देहातून सुटण्याची नाही, देहच पुन्हा उठण्याची आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, १५ व्या अध्यायात पौल म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर सगळा विश्वासच फुकट. आणि त्या अध्यायाचा शेवट तो कामाशी करतो : तुमचे श्रम व्यर्थ जाणार नाहीत. माझ्या मते केडगावची किल्ली इथं आहे. ज्या देहाला देव उठवणार आहे, तो उपाशी, विटाळलेला म्हणवला गेलेला देहसुद्धा न्हाऊमाखू घालण्याच्या, शिकवण्याच्या योग्यतेचा ठरतो.

शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. गावातल्या बाईला कळेल अशी भाषा हवी म्हणून संस्कृत शब्द गाळत गेल्या. नारायण वामन टिळकांनी त्याच काळात ख्रिस्ताला अभंगात आणलं. रमाबाईंची वाट निराळी होती : जुन्या शब्दांबरोबर जुना हिशेब परत येईल, ही त्यांना धास्ती होती.

१९२१ च्या जुलैमध्ये त्यांची एकुलती एक मनोरमा गेली. संस्था तिच्यावर सोपवायची होती. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि भाषांतर पूर्ण झालेलं होतं.

तुम्ही त्यांच्या श्रद्धेशी सहमत असा वा नसा. त्यांचा प्रश्न मात्र सगळ्यांचा आहे. ज्याच्या खात्यावर पुण्य नाही, त्याला जागा कुठं? रमाबाईंनी त्या प्रश्नाला केडगावला उत्तर दिलं, आणि तिथलं काम आजही चालू आहे.

पुढच्या भागात भेटू.