लपेटीचे अक्षर आणि शिशाचे खिळे

आटगावच्या एका स्नेह्यांकडून आलेली लग्नपत्रिका समोर आहे. वधूवरांची नावे रोमन लिपीत, वेलीसारख्या लपेटदार अक्षरांत छापली आहेत. खालचा मराठी मजकूर मात्र कवायतीला उभ्या केलेल्या अक्षरांचा. आपल्या लिपीला वळण नव्हते काय?

युरोपात हस्ताक्षराचे वळण छपाईत लवकर उतरले. १५०१ साली व्हेनिस येथे आल्डस मानुटियस याने व्हर्जिलचे काव्य तिरक्या, लेखणीतून उतरल्यासारख्या खिळ्यांत छापले. रोमन अक्षरे थोडी, म्हणून साचेही थोडे. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरे यांनी साच्यांची संख्या शेकड्यांवर जाते.

ही अडचण फादर थॉमस स्टीफन्स यांनी सोसली. १५७९ साली गोव्यात आलेल्या या येशूसंघीय इंग्रज धर्मगुरूंनी १६०८ साली रोमला पत्र लिहून, येथील भाषेतील पुस्तके येथल्याच लिपीत छापली जावीत, अशी अनेक वर्षांची इच्छा कळवली. युरोपात चोवीस साचे पुरतात, येथे सहाशे लागतील, हा हिशेबही त्यांनी मांडला. खिळे काही झाले नाहीत. १६१६ साली राशोल येथे 'ख्रिस्तपुराण' निघाले ते रोमन लिपीत. मराठीचे एवढे गुणगान करणारा ग्रंथ मराठी अक्षरांवाचून छापला जावा, याची रुखरुख आजही वाटते. या पुराणाची देवनागरीत हाताने उतरलेली पोथी लंडनमध्ये आहे. म्हणजे बोरूला जे साधले, ते छापखान्याला साधले नव्हते. १९०७ ची मंगळूरची आवृत्तीही रोमनच. देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी काढली ती १९५६ साली, पहिल्या छपाईनंतर ३४० वर्षांनी.

मधल्या काळात मुंबईत देवनागरीचे खिळे घडले होते. अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी ते सुधारले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या त्याच्या अक्षरांची सुबकता आजही डोळ्यांत भरते. परंतु हे अक्षर बालबोध, म्हणजे थांबून लिहिण्याचे.

धावते अक्षर आपल्याकडे होते ते मोडीचे. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरे गुंफत जायची! श्रीरामपूरला विल्यम केरी यांचा मराठी कोश १८१० साली मोडी खिळ्यांत छापला गेला. पण पुढे छपाईने बालबोधच धरली आणि मोडी दप्तरांत राहिली.

संगणकावर देवनागरीसाठी 'मंगल' हा टंक घडवणारे र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे स्वतः कवी आणि सुलेखनकार होते. २०१४ साली मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली. आता आटगावची पत्रिका मोडीच्या लपेटीत सहज छापता येईल. मात्र वधूपित्याला ती कोणाकडून तरी वाचून घ्यावी लागेल, आणि खरे सांगायचे तर मलाही.