किशोरवयीनांच्या आहारात रोज साखर किती असावी?

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये संलग्न शाळांना 'शर्करा फलक' लावण्याचे निर्देश दिले. दिवसभरात किती साखर घेणे योग्य, नेहमीच्या खाद्यपदार्थांत व शीतपेयांत ती किती असते आणि तिच्या अतिसेवनाचे धोके कोणते, ही माहिती या फलकांवर अपेक्षित आहे. ११ ते १८ वर्षे वयोगटातील मुलांच्या दैनंदिन उष्मांकांपैकी १५ टक्के उष्मांक साखरेतून येतात, शिफारस केलेली मर्यादा मात्र ५ टक्के आहे, असे मंडळाच्या परिपत्रकात नमूद केले होते. पूर्वी प्रामुख्याने प्रौढांना होणारा टाईप-२ मधुमेह आता मुलांमध्येही वाढत असल्याची चिंता या निर्देशामागे होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार 'मुक्त शर्करे'तून मिळणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावेत. ते ५ टक्क्यांच्या आत ठेवल्यास अधिक हितकारक. 'मुक्त शर्करा' या शब्दाने वाचकाचा गोंधळ होण्याचा संभव आहे, कारण 'शर्करामुक्त' याच्या तो नेमका उलट आहे. पदार्थात वरून घातलेली साखर, गूळ, मध, पाक आणि फळांचा रसही यात मोडतो. अख्खे फळ आणि दूध यांतील नैसर्गिक शर्करा मात्र यात धरली जात नाही. म्हणजे साखरेऐवजी गूळ वापरल्याने हिशेब बदलत नाही आणि संत्रे खाणे व संत्र्याचा रस पिणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात.

एक ग्रॅम साखरेतून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात. त्यामुळे २००० किलोकॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, साधारण सहा लहान चमचे. वाढत्या वयात उष्मांकांची गरज अधिक असल्याने हा आकडा थोडा वर जाऊ शकतो; २४०० किलोकॅलरी लागणाऱ्या मुलीसाठी तो ३० ग्रॅम होतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने मात्र २०१६ मध्ये २ ते १८ वर्षांच्या सर्वांसाठी वरून घातलेल्या साखरेची एकच मर्यादा सुचवली: दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी. साखरयुक्त पेये आठवड्याला सुमारे २४० मिलिलिटरपेक्षा अधिक घेऊ नयेत, असेही तिने सांगितले.

कोला पेयांत दर १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. ३०० मिलिलिटरची एकच बाटली दिवसाचा वाटा संपवते. दोन चमचे साखरेचा चहा दोनदा घेतला की १६ ग्रॅम तेथेच झाले. ग्लुकोज बिस्किटांत वजनाच्या जवळपास पाव भाग साखरच असते. घरच्या श्रीखंडात जितका चक्का तितकी साखर घालण्याची पद्धत पाहता पन्नास ग्रॅमची लहान वाटीही २५ ग्रॅमच्या आसपास जाते. पण श्रीखंड सणावारी होते, चहा-बिस्किटे रोजची.

खरी अडचण वेष्टनावर येते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार पाकीटबंद पदार्थांवर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर अशा दोन्ही नोंदी द्याव्या लागतात. त्याबरोबर एका वाढपातून दैनंदिन प्रमाणाचा किती टक्के भाग मिळतो, हेही छापले जाते. हे टक्के २००० किलोकॅलरींच्या आहारासाठी ५० ग्रॅम साखर गृहीत धरून काढलेले असतात. शाळेतील फलक ज्या ५ टक्क्यांविषयी बोलतो, त्याच्या हे नेमके दुप्पट आहे. परिणामी, वेष्टनावर '४० टक्के' वाचून अद्याप निम्म्याहून अधिक वाव उरला आहे असे मुलाला वाटेल. प्रत्यक्षात त्याने २० ग्रॅम, म्हणजे २५ पैकी ८० टक्के साखर घेतलेली असते. तेव्हा टक्के बाजूला ठेवून ग्रॅमचा आकडा पाहावा, आणि 'एक वाढप' म्हणजे किती हेही तपासावे. पाकिटात दोन-तीन वाढपे असतात आणि ते बहुधा एकाच बैठकीत संपते.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. तीत साखर नसली तरी द्रव ग्लुकोज, डेक्स्ट्रोज किंवा इन्व्हर्ट सिरप ही नावे दिसल्यास तीही साखरच समजावी. मधुमेह असलेल्या मुलांसाठी हे सर्वसाधारण आकडे लागू करू नयेत. त्यांचा आहार डॉक्टरांनीच ठरवून द्यावा लागतो.